मुकी रेकॉर्ड

एखादी गोष्ट पन्नास वर्षं टिकली म्हणजे ती चांगलीच असणार, असं मानणारी माणसं मला आवडत नाहीत. गाजरगवतही टिकलं आहे. मागच्या महिन्यात वाशिमला एका लग्नाला गेले होते. मंगल कार्यालयात गाद्यांच्या खुर्च्या, थंड हवेची यंत्रं, आणि कोपऱ्यात कानात बोळे घालून उभा असलेला डीजे. जेवणं व्हायच्या आत त्यानं ती धून वाजवली. सुरुवातीचे ते चार सूर आले मात्र, ताटं घेऊन रांगेत उभी असलेली शहाणीसुरती माणसं, त्यात एक निवृत्त हेडमास्तर, ताटं खाली ठेवून नाचायला गेली. माझा नातू अनिकेत म्हणाला, "आजी, हे क्लासिक आहे, चल ना." मी म्हटलं, "तू जा. मला वरणभात खायचा आहे." जो सूर ऐकून माझ्या घशाशी येतं, तो या जिल्ह्याचा जणू गावदेव होऊन बसला आहे. नावडतीचं मीठ अळणी असं कोणी म्हणेल, आणि ते खरंही आहे. ती मला का नावडती, एवढंच या प्रकरणात लिहायचं आहे.

आधी ती काय चीज आहे ते सांगते. साडेतीन मिनिटांचा परदेशी बाजा. शब्द एकही नाही. सुरुवातीला जाड तारेची गिटार चार सूर धरते आणि शेवटपर्यंत सोडत नाही. मग ढोलकरी येतो. तो इतका सावकाश वाजवतो की त्याला मजुरी रोजावर मिळत असावी असं वाटतं. मग पितळी बाजे मधूनमधून ओरडतात, गल्लीत दोन बाया भांडताना तिसरी खिडकीतून ओरडते तसे. मध्ये एक पेटीसारखं वाद्य थोडं कुरकुरतं आणि गप्प बसतं. संपलं. यात ना कोणाचं सुख, ना कोणाचं दुःख, ना देव, ना माणूस. चार सुरांची भाजी, तीही फोडणीवाचून. हिच्यासाठी हेडमास्तर ताट खाली ठेवतात.

आम्ही अनसिंगचे. बौद्ध वस्तीत दोन खोल्यांचं घर, पुढं कुडाच्या कुंपणाचं अंगण, अंगणात एक कडुनिंब. बाबा सडकेच्या गँगवर होते. दिवसभर डांबर आणि गिट्टी, घरी आले की हातपाय धुऊन पेटी घेऊन बसायचे. त्यांची गायनपार्टी होती. जयंतीला, लग्नाला, नामकरणाला भीमगीतं म्हणायचे. काही गाणी त्यांनी स्वतः जोडलेली. डांबराच्या धुरानं माणसाचा आवाज बसतो, बाबांचा मात्र आणखी रुंद झाला होता. आमच्या घराचा आवाज म्हणजे तो, आणि माय थापटायची त्या भाकरीचा. हिवाळ्यात सोल्याची भाजी असायची, तुरीचे ओले दाणे मिरचीत वाटून केलेली. बाबा गाता गाता थांबून म्हणायचे, "माय, झाली का वो भाजी?" ते मायलाच माय म्हणायचे, आमच्यासारखे. ती आतून म्हणायची, "गाणं संपू द्या, भाजी कोठी पळून नाही चालली." मोठी ताई शांता, मधला प्रल्हाद आणि मी सुमन. मी तेव्हा मॅट्रिक होऊन घरी बसले होते.

आमच्या आजोबांना मी पाहिलं नाही, पण त्यांच्याबद्दल एक गोष्ट घरात नेहमी निघायची. ते बाजा वाजवायचे. गावच्या पाटलाच्या घरी लग्न असलं की त्यांना दारासमोर, सावलीच्या बाहेर, वाजवत उभं राहावं लागे. जेवण सगळ्यांच्या मागून, दूर, पत्रावळीवर. दीक्षा घेतल्यावर वस्तीतल्या सगळ्यांनी बाजे फोडून टाकले. पाटलाच्या लग्नात मग वाशिमहून बँड आणावा लागला, हे सांगताना बाबांचा चेहरा पेढा खाल्ल्यासारखा व्हायचा. हातातला बाजा गेला, गळा राहिला, असं ते म्हणायचे.

प्रल्हाद वाशिमला एका लाऊडस्पीकरवाल्याकडे शिकला आणि गावात परत येऊन त्यानं स्वतःचा संच केला. दोन भोंगे, बॅटरी, अॅम्प्लिफायर आणि रेकॉर्ड लावायचं मशीन. अॅम्प्लिफायरला एक बटन होतं. डावीकडे केलं की माइक चालू, उजवीकडे केलं की रेकॉर्ड. एका वेळी एकच. हे बटन लक्षात ठेवा. भोंगे कडुनिंबावर बांधून तो संच तपासायचा, आणि मी घरातच असायचे म्हणून ते सगळं काम मलाही येऊ लागलं. पोरगी असून मशीनला हात लावते म्हणून मायनं सुरुवातीला बडबड केली, मग तीच शेजारणीला सांगू लागली, "आमच्या सुमीले सुई बदलता येते."

एकदा अकोल्याच्या जुन्या बाजारातून त्यानं वापरलेल्या रेकॉर्डचा गठ्ठा आणला. त्यात ही निघाली. आकारानं लहान, मध्ये हे एवढं मोठं भोक, आणि नावाचा कागद कोणीतरी खरवडून काढलेला. आमच्या मशीनवर ती बसेना. प्रल्हादनं बाभळीच्या लाकडाचा गट्टू तासून भोकात बसवला. शिवाय मशीनचा वेग बदलायचा खटका अडकलेला, तो एकाच जागी राहायचा, त्यामुळं ती जितकी जलद फिरायला हवी त्यापेक्षा संथ फिरायची. हे आम्हाला तेव्हा माहीतच नव्हतं. आम्हाला वाटलं, तिकडचे लोक असंच वाजवतात. बाबांनी एकदा पूर्ण ऐकली आणि विचारलं, "गाणं कवा सुरू होते?" प्रल्हाद म्हणाला, "संपलं बाबा." बाबा हसून म्हणाले, "मुकी हाय बिचारी." तेव्हापासून तिचं नाव मुकी.

ती अशीच गठ्ठ्यात पडून राहिली असती तर बरं झालं असतं. पण गावात एका शेतकऱ्याकडे बारसं होतं, भाकरी-वरणाची पंगत बसली होती. प्रल्हादच्या खोक्यात रेकॉर्डची सरमिसळ झाली आणि त्यानं भजन समजून भीमगीत लावलं. दोन ओळी वाजल्या असतील. पंगत थांबली. घास हातात. एक म्हातारा उठून म्हणाला, "आमच्या मांडवात हे कायले? उचल तुहा भोंगा अन् निंघ." दोघे-तिघे उठले. प्रल्हादनं सापडेल ती रेकॉर्ड लावली आणि निघाली मुकी. चार सूर, ढोल, पितळी आरडाओरडा. लहान पोरं उड्या मारू लागली. उठलेली माणसं जरा उभी राहिली, मग बसली. म्हातारा म्हणाला, "असं लाव ना बापा! असं कोणी लावलं तं कोण काई म्हणते?"

तो म्हातारा अडाणी होता, पण या बाजाच्या लोकप्रियतेबद्दल त्याच्यापेक्षा खरं पुढं कोणीच बोललं नाही. जी काहीच बोलत नाही तिला कोण काय म्हणणार? गावात शब्दांवरून भांडणं होती. हे गाणं त्यांचं, ते गाणं आमचं, हे देवळासमोर नको, ते वस्तीत नको. मुकी कोणाचीच नव्हती म्हणून सगळ्यांची झाली. दोन वर्षांत आसपास सगळीकडे तिची मागणी. मेडशीची माणसं एसटीनं येऊन प्रल्हादला सांगून जायची, "भोंगा नसला तं चालन, मुकी पायजे." प्रल्हादला वरच्या आळीतही बोलावणी येऊ लागली. चहा मिळायचा तो वेगळ्या कपात. कप वेगळा आणि बाजा एक, याला लोक एकोपा म्हणत होते.

आणि तिनं आणखी एक काम केलं. गावात पाटलाची माडी होती, मुख्य रस्त्यावर. आमच्या वस्तीतली वरात त्या माडीसमोरून जाताना पूर्वी मुकाट्यानं जायची. लेखी हुकूम नव्हता, कोणी अडवतही नव्हतं, पण माडीअलीकडच्या पाराशी आलं की गाणं आपोआप बंद पडायचं आणि कोपऱ्यापलीकडे सुरू व्हायचं. मुकी आल्यापासून पाराशी आलं की मुकी लागायची. बैलगाडीत कापसाच्या गादीवर मशीन ठेवलेलं, गाडी हलली की सुई उडायची. पण मुकीत सुई उडालेली कोणाला कळतच नसे. प्रल्हादला हा आपला मोठा पराक्रम वाटे.

"पाह्य ना बाबा, पह्यले आपली वरात इथून चूपचाप जाये. आता वाजतगाजत जाते का नाई?"

बाबा भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, "वाजतगाजत जाते, पन तोंड बंद करून जाते. मंग फरक काय पडला?"

"फरक हा पडला का कोणी अडवत नाई."

"अडवतीन कायले? तू काई बोलूनच नाई राह्यला."

शांताताईचं लग्न इंझोरीच्या मुलाशी जमलं. वऱ्हाड उतरणार तो जानोसा शाळेत, गावाच्या दुसऱ्या टोकाला. नवरदेवाला वस्तीत आणायचं तर माडीसमोरूनच आणावं लागणार. बाबा तेव्हापासून एक नवं गाणं जोडू लागले. गिट्टी फोडताना जोडायचे. घरी फक्त चाल गुणगुणायचे, बोल नाही. मायनं विचारलं तर म्हणाले, "लग्नातच आयका सगळ्याईनं. शिळं नाई करत." मला मात्र एक दिवस कडुनिंबाखाली बोलावलं.

"सुमे, लग्नाच्या दिवशी पल्ह्या नवरदेवापाशी राहीन. मशीनवर तू बसजो. माडीसमोर मी गाडी उभी करतो, अन् माइकवर गाणं म्हणतो. जिथं माह्या बापानं उन्हात उभं राहून वाजवलं, तिथंच म्हणतो. तू फक्त बटन डावीकडं ठेवजो. मुकी लावाची नाई. ठेवशीन ना?"

"ठेवीन, बाबा."

इतकं साधं काम होतं. बटन डावीकडे ठेवायचं, म्हणजे काहीच करायचं नाही.

प्रल्हादला कुणकुण लागली होती. लग्नाच्या सकाळी माय बुंदीचे घाणे पाहत होती, तिच्या मागं उभा राहून तो मला म्हणाला, "नवरदेवाचा बाप घाबरून राह्यला. त्याचं वावर पाटलाच्या जावयाच्या वावराले लागून हाय. उद्या ताईलेच तिथं नांदा लागते. माडीसमोर मुकी लाव, बाबाले मी पाहून घेतो." मी त्यालाही हो म्हटलं. दोघांनाही हो म्हणणाऱ्या माणसांची मला आज शिसारी येते, आणि त्यांच्यात मी पहिली आहे.

चारच्या सुमारास वरात निघाली. पुढं नाचणारी पोरं, मग नवरदेव आणि प्रल्हाद, मागं गाडी. गाडीच्या पुढच्या टोकाला बाबा उभे, धुतलेलं धोतर, पांढरा सदरा, हातात माइक, माझ्याकडे पाठ. माझ्यासमोर मशीन, गट्टूवर बसवलेली मुकी, कारण प्रल्हादनं ती आधीच लावून ठेवली होती. पाराशी गाडी आली. सवयीनं सगळ्यांनी मागं वळून माझ्याकडे पाहिलं. मी बटनाला हात लावला नाही. माडी आली. बाबांनी गाडीवाल्याला थांब म्हटलं. बैल थांबले, भोंग्यांतून नुसती घरघर येत होती. ओट्यावर म्हातारा पाटील काठीवर भार देऊन उभा होता आणि त्याचे दोन मुलगे पायऱ्यांवर बसले होते. बाबांनी एकदा खाकरलं, ते खाकरणंही अख्ख्या गावात गेलं, आणि गायला सुरुवात केली.

*ज्या दारी माझा बाप उभा, उन्हात वाजवी बाजा...*

असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. घरात ते पेटीशी गायचे, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून आवाज राखून. इथं राखलेलं काही नव्हतं. ओळ दोनदा म्हटली. नवरदेवाच्या बापानं डोक्याची टोपी काढून हातात घेतली. पाटलाचे दोन्ही मुलगे उभे राहिले. त्यांतला मोठा वळला आणि आत गेला. मला वाटलं, तो लाठी आणायला गेला. त्या क्षणी मला ताई दिसली, इंझोरीच्या वावरात एकटी. बाबा दिसले, रस्त्यावर पडलेले. प्रल्हाद गर्दीतून गाडीकडे धावत येत होता. तो पोचायच्या आधी मी बटन उजवीकडे केलं आणि सुई ठेवली.

चार सूर आले. ढोल आला. पोरांनी ओरडून नाचायला सुरुवात केली. बाबांचा आवाज भोंग्यातून गेला तो गेलाच. त्यांनी मागं पाहिलं तेव्हा मशीनपाशी प्रल्हाद उभा होता, धापा टाकत, आणि मी गाडीच्या तळाशी खाली मान घालून बसले होते. बाबा क्षणभर त्याच्याकडे बघत राहिले. मग पुन्हा माडीकडे तोंड केलं, मेलेला माइक तोंडासमोर धरला आणि गाणं म्हणू लागले. पूर्ण म्हटलं. मला त्यांची मान दिसत होती, मानेच्या शिरा दिसत होत्या, कडव्याच्या शेवटी वर जाणारा डावा हात दिसत होता. माझ्या डोक्यावर दोन भोंगे मुकी ओकत होते. बाबांपासून चार हातांवर होते मी, एक शब्द ऐकू आला नाही.

पाटलाचा मोठा मुलगा आतून बाहेर आला. त्याच्या हातात खुर्ची होती. म्हाताऱ्याला उभं राहवत नव्हतं म्हणून आणली होती. म्हातारा बसला आणि दोन्ही मुलगे मुकीच्या ठेक्यावर मांडीवर हात मारू लागले.

लग्न छान झालं असं सगळे म्हणाले. कुठं तंटा नाही, बखेडा नाही. बुंदी पुरली. ताई इंझोरीला गेली आणि सुखानं नांदली. ज्या भीतीपोटी मी ते केलं त्यातलं काहीच घडणार नव्हतं की माझ्यामुळं टळलं, हे मला आजही सांगता येत नाही, आणि घडणार होतं असं धरून चालणं मला फार सोयीचं पडतं, म्हणून मी ते धरत नाही. पाहुणे गेल्यावर बाबांनी प्रल्हादला विचारलं, "तूनं केलं?" मी दारात उभी होते. प्रल्हादनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "हो, म्या केलं," तो म्हणाला. बाबा म्हणाले, "बरं." पुढं वर्षभर ते त्याच्याशी कामापुरतंही बोलले नाहीत. तो बोलला नाही, मी बोलले नाही, आणि मुकी तेवढी गावभर बोंबलत होती. पेटी मायनं कपड्यात बांधून फळीवर ठेवली. बाबा त्यानंतर अकरा वर्षं जगले. मायची भाजी व्हायच्या आधी घरात नुसता भाकरीचा आवाज यायचा.

मी डीएड केलं, मास्तरीण झाले, लग्न झालं, मुलीला मुलं झाली. मुकी माझ्या मागं मागं आली. बँडवाल्यांनी ती प्रल्हादच्या भोंग्यावरून ऐकून बसवली, त्याच संथ चालीत. मग कॅसेट आल्या, मग सीडी. शाळेच्या स्नेहसंमेलनात पोरी तिच्यावर दोऱ्या घेऊन नाचल्या, मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. जयंतीच्या मिरवणुकीतही मी ती ऐकली आहे, आणि जिथं ती वाजली तिथं कोणीही अडवणारं नव्हतं. शब्द म्हणायला आता मोकळीक होती आणि म्हणायचे कोणाला आठवत नव्हते. अनिकेतनं परवा मोबाइलवर शोधून मूळ रेकॉर्ड ऐकवली. मूळ बरीच जलद आहे. तिकडच्या वादकांनी म्हणे दुसऱ्याच एका गाण्याचं काम लवकर आटोपलं म्हणून उरलेल्या वेळात ती वाजवून टाकली होती. उरलेल्या वेळातलं काम आमच्या अर्ध्या जिल्ह्यानं पन्नास वर्षं डोक्यावर घेतलं. मी हे अनसिंगच्या एका बँडवाल्याला सांगितलं तर तो म्हणाला, "ते खोटं असन, म्याडम. खरी ते प्रल्हादभाऊची."

प्रल्हाद तीन वर्षांपूर्वी वारला. शेवटी दवाखान्यात मी त्याला म्हटलं, तू का सांगितलं नाहीस बाबांना? तो म्हणाला, "तू केलं नसतं तं म्याच केलं असतं. मंग काय फरक पडला?" तो अगदी बाबांसारखा बोलला. फरक पडला होता. बाबांनी त्याला सांगितलं नव्हतं, मला सांगितलं होतं.

त्या अकरा वर्षांत मी बाबांना विचारू शकले असते, पुढचे बोल काय होते. कित्येकदा तोंडापर्यंत आलं. पण विचारायचं तर आधी सांगावं लागलं असतं, म्हणून मी विचारलं नाही. त्यांनी ते कागदावर उतरवलं नव्हतं. गायनपार्टीतल्या कोणाला ठाऊक नव्हतं. ताईला, मायला, गाडीवाल्याला, मी एकेकाला आडून विचारून पाहिलं. सगळ्यांना पहिली ओळ आठवते, आणि मग सगळे म्हणतात, मग मुकी लागली नाही का.

मंगल कार्यालयात त्या दिवशी सगळे नाचत होते, तेव्हा मी वरणभात खात नव्हते. ताट तसंच पडलं होतं. मी मनातल्या मनात ती ओळ दोनदा म्हटली, बाबांनी म्हटली होती तशी, आणि तिसऱ्यांदा पुढं काय येतं म्हणून थांबले. मुकी पूर्ण साडेतीन मिनिटं वाजली. तिचा एकेक सूर मला पाठ आहे.